उंबऱ्यावरचं टपाल

१

टपाल बंद करायचं काम माझ्या गळ्यात पडलं तेव्हा मी कुरकुर केली नाही. ऑफिसात मी कुरकुरीसाठीच प्रसिद्ध आहे, त्यामुळे साहेब चकित झाले. "तब्येत बरी आहे ना?" असं त्यांनी विचारलंसुद्धा.

आमची कंपनी नळ, पाइप, एल्बो, वॉशर असला माल विकते. ठिकठिकाणी गोदामं आहेत आणि प्रत्येक गोदामात कपाटाएवढं एक काळं मशीन. हल्लीच्या पोरांना दाखवलं तर फ्रीज समजतील. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माउसचा पत्ता नाही. दिसायला कळकट, पण मेली बंद पडत नाहीत. मुख्य ऑफिसातून रोज सकाळी सगळ्या गोदामांना नव्या भावांची फाइल जाते. ती ज्या जुन्या पद्धतीने जायची, तिला आम्ही सगळे टपाल म्हणायचो.

टपालाची एक रीत होती. फाइल मशीनच्या नावाने जात नसे, माणसाच्या नावाने जायची. जायची आणि उंबऱ्यावर थांबायची. उंबरा हा आमचाच शब्द, पुस्तकात मिळणार नाही. ज्याच्या नावाची फाइल, त्याने ती आत घ्यायची. त्याने घेतली की आमच्या पडद्यावर 'घेतली' असं यायचं. नाही घेतली तर पडून राहायची. दुसऱ्या दिवशी दुसरी आली की तिच्यामागे उभी राहायची, पण पहिलीला धक्का लावायची नाही. आणि तो माणूसच तिथे नसेल तर निरोप परत यायचा: 'या नावाचं इथे कुणी नाही.'

आता त्याच्या जागी 'थेट' नावाची नवी पद्धत आणायची होती. थेटमध्ये उंबरा नाही, विचारणं नाही. इथून सोडली की तिथे आत. आधीच्या दिवसाची त्याच नावाची फाइल असेल तर तिच्यावरच नवी लिहिली जाते. भावांसाठी ते बरंच, कारण कालचा भाव कुणाच्या हाती राहिला की भांडणं होतात. थेटचा साचा माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाने बनवला. त्याला सगळे घाईकर म्हणतात. तो बोलताना वाक्याचा शेवट पुढच्या वाक्यात करतो.

मी कुरकुरले नाही याचं कारण माझा दादा. नदीकाठच्या गोदामात तो आयुष्यभर मशीन सांभाळायचा. मला हे काम त्यानेच शिकवलं. गोदाम बंद झालं, त्याचं मशीन आमच्या मजल्यावरच्या अडगळीच्या खोलीत आणून ठेवलं, आणि दादा निवृत्त होऊन माझ्याकडे राहायला आला. मग तो विसरायला लागला. आधी चष्मा, मग रस्ते, मग माणसं. टपाल म्हटलं की मला दादा आठवायचा, आणि ऑफिसात दादा आठवलेला मला नको असायचा. म्हणून म्हटलं, बंद होतंय तर होऊ दे.

पहिल्याच दिवशी मी सगळ्या गोदामांच्या रांगा तपासायला घेतल्या. नदीकाठ अजून होतं. दादाचं नाव काढायचा कुणीतरी कंटाळा केलेला. म्हणजे इतकी वर्षं रोज सकाळी त्याच्या नावावर भावांची फाइल जात होती. मनात म्हटलं, झालं, आता हजारो फायली तुंबलेल्या असणार, त्या उपसत बसा.

रांग रिकामी होती. एकूण एक फाइल 'घेतली'. त्या दिवशी सकाळचीसुद्धा.

मी उठून अडगळीच्या खोलीत गेले. मोडक्या खुर्च्यांमागे मशीन उभं होतं. त्याची वायर गुंडाळून, नीट गाठ मारून, त्याच्याच डोक्यावर ठेवलेली होती. जोडलेलं काही नव्हतं. मी परत येऊन जागेवर बसले आणि स्वतःला समजावलं की कुठेतरी कुणीतरी त्याच्या नावाने घ्यायची सोय करून ठेवली असेल. जुन्या घरात कुठला दिवा कुठल्या बटणावर हे कुणाला ठाऊक असतं?

२

घरी दादाला दिवसभर सांभाळायला एक मावशी येतात. मी पोचले की त्या चपला घालता घालता दिवसाचा पाढा वाचतात. काय खाल्लं, किती वेळा दार उघडायला गेले, कशावरून रुसले.

"आणि ताई, ते 'घेतली' चालूच आहे हं," त्या म्हणाल्या.

"काय घेतली?"

"काय ठाऊक. सकाळी नाश्त्याला बसले की हात असा पुढे करतात, मूठ मिटतात, म्हणतात 'घेतली'. मग खातात. मी म्हटलं, काय घेतलं दादा, मला दाखवा की. तर म्हणाले, तुमच्या कामाचं नाही."

मी हसले. जन्मभराची सवय, हाडात मुरलेली. पोळ्या लाटणारी बाई झोपेत हात फिरवते, तसंच.

मावशी गेल्यावर मी चहा ठेवला. दादा खिडकीशी बसला होता. त्याचा चेहरा अजून देखणा होता, त्यामुळे परक्याला पहिली दोन मिनिटं काही कळायचं नाही. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "ठके, एल्बो महाग केलात की गं. गरिबाने नळ लावायचे की नाही?"

ठकी हे माझं घरातलं नाव. लहानपणी मी लाकडी बाहुलीसारखी ताठ बसायचे म्हणून त्यानेच ठेवलेलं. त्याच्याशिवाय ते आता कुणाला माहीत नाही.

एल्बोचा भाव त्याच सकाळी वाढला होता. घरात मी बोलले नव्हते. पण बोललेही असेन! मी फोनवर मोठ्याने बोलते, सगळी इमारत ऐकते. चहा उतू गेला आणि मी तो पुसत बसले.

३

मग तो दिवस आला, ज्याची आठवण झाली की अजून कानाच्या पाळ्या तापतात.

दुपारी खालून वॉचमनचा फोन. "मॅडम, एक गृहस्थ आलेत. म्हणतात, माझी बहीण आहे इथे, विचारा तिला."

मी जिना उतरत असतानाच मला दिसलं. लॉबीच्या मधोमध दादा उभा. घरातला लेंगा, वर कोट, कोटाची बटणं एक सोडून एक. एका पायात चप्पल, दुसऱ्यात बूट. हातात जेवणाचा डबा, कारण तो कामावर आला होता ना. आणि समोर आमचे साहेब, बाहेरच्या कंपनीच्या चार पाहुण्यांना घेऊन. एका पाहुणीने रुमाल तोंडाला लावला होता. हसू दाबायला की आणखी कशाला, देव जाणे.

"तुमच्या ओळखीचे आहेत का?" साहेबांनी मला विचारलं. अगदी सौम्यपणे विचारलं, त्यांचा काही दोष नाही.

आणि मी म्हणाले, "जुने कर्मचारी आहेत, सर. रस्ता चुकलेत. मी टॅक्सीत बसवून देते."

एवढंच. खोटं नव्हतंच त्यात. पण ते बोलताना दादा माझ्याकडे बघत होता, आणि त्या क्षणी त्याच्या डोळ्यांत धुकं बिलकुल नव्हतं. त्याने पाहुण्यांना मान लवून नमस्कार केला आणि मुकाट्याने माझ्यामागून बाहेर आला. मी त्याचा हातसुद्धा धरला नाही. काचेतून सगळे बघत होते.

टॅक्सीत तो म्हणाला, "बरोबर बोललीस, ठके. कामाच्या जागी नाती काढू नयेत."

मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. टॅक्सी होती, जमीनही नव्हती. मी खिडकीबाहेर बघत बसले. घरी मावशींवर ओरडले की तुमचं लक्ष कुठे होतं, आणि त्या बिचाऱ्या डोळे पुसत राहिल्या. स्वतःची लाज दुसऱ्याच्या पदरात टाकायला काय लागतं?

४

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेल्या गेल्या एक आचरटपणा केला. 'घर' नावाची एक इवलीशी फाइल केली. आत एकच ओळ लिहिली: 'दादा, काल मी चुकले. ठकी.' आणि टपालाने नदीकाठला, त्याच्या नावावर सोडली.

पडद्यावर आलं: 'उंबऱ्यावर'. मी अडगळीच्या खोलीत गेले. दार लोटून घेतलं. खोलीला धुळीचा आणि जुन्या रबराचा वास होता. मशीनची वायर त्याच्या डोक्यावर होती तशीच. मी मशीनच्या अंगावर तळवा ठेवला आणि चटकन काढून घेतला. ते कोमट होतं. आजारी माणसाचं कपाळ असतं, तेवढंच. पलीकडच्या भिंतीतून गरम पाण्याचा पाइप जात असेल, मी स्वतःला म्हटलं. पाइपांच्याच कंपनीत काम करते, मला पाइप सुचायचाच. तेवढ्यात आतून एक बारीक आवाज आला. कुणी आतली कडी हळूच काढावी, तसा.

जागेवर परतले तर पडद्यावर 'घेतली'.

संध्याकाळी घरी दादाने दार उघडलं. मावशी मागे उभ्या. तो म्हणाला, "अगं, चुकलीस म्हणून एवढं मनाला लावून घेतात का? माणूस आहेस, मशीन नाहीस." आणि माझ्या डोक्यावर टपली मारली.

मी त्याला काही विचारलं नाही. विचारलं की मोडेल, अशी भीती वाटली. नवससायास न करता देवाने काही दिलं तर कुणी पावती मागत नाही. मी रोज सकाळी त्याच 'घर' नावाने एक ओळ पाठवू लागले. 'ठकीला लवंग आवडत नाही.' 'मावशींचा मुलगा परीक्षेत पास झाला.' 'अंघोळीचा नळ डावीकडे गरम.' तो रोज मूठ मिटून घ्यायचा, आणि रोज तेवढा परत यायचा. आधीचं जात नसे, नव्याची भर पडायची. एकदा तर आपणहून मावशींच्या मुलाला पेन दिलं त्याने. मावशी म्हणाल्या, "ताई, औषध बदललं का हो? मला पण नाव सांगा, माझ्या सासऱ्यांना द्यायचंय."

एकच फाइल त्याने घेतली नाही. तो सारखा आई कधी येणार म्हणून विचारायचा, तेव्हा मी वैतागून लिहिलं: 'आई आता नाही.' ती उंबऱ्यावर तशीच पडून राहिली. दिवसामागून दिवस. तिच्या मागच्या ओळी तो बरोबर वेचून घ्यायचा आणि तिला वळसा घालायचा. संध्याकाळी विचारायचा, "आईला यायला उशीर झाला, नाही?" मी म्हणायचे, "हो रे, झाला उशीर." शेवटी मीच ती फाइल काढून टाकली. त्याचं दार, त्याची कडी. काय घ्यायचं आणि काय नाही, एवढा हक्क त्याला होता.

५

आणि त्याचं हे दार बंद करायचं काम माझ्याच टेबलावर होतं. काय म्हणावं कर्माला!

एकेक गोदाम थेटवर जात होतं. शेवटच्या बैठकीत घाईकर म्हणाला, "सगळं झालं, फक्त ते नदीकाठ उरलंय, ते तर मेलेलंच आहे, काढून टाकू, काय?"

मी म्हणू शकले असते की, राहू दे. साहेबांनी विचारलं असतं, का? मग मी काय सांगणार होते? की लॉबीतले ते विचित्र गृहस्थ माझे सख्खे भाऊ आहेत, आणि तुमचं मेलेलं मशीन त्यांना जगवतंय? पहिल्या अर्ध्यानेच माझी जीभ टाळूला चिकटली. दुसऱ्या अर्ध्यावर वेळच आली नाही.

"मी बघते त्याचं," मी म्हणाले.

आणि जेवणाच्या सुट्टीत, सगळे खाली गेल्यावर, चोरासारखी मी नदीकाठलाही थेटवर टाकलं. घाईकरचा साचा उचलला, नाव बदललं, जोडून दिलं. साचा विचारतो: 'आधीची असेल तर तिच्यावर लिहू?' सगळ्या गोदामांना आम्ही 'हो' म्हणत आलो होतो. बोटाला सवय लागलेली. मी 'हो' म्हटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत चटणी-पोळीचा डबा उघडला. जेवण छान गेलं.

टपाल बंद झालं त्या दिवशी ऑफिसात केक कापला.

६

पहिल्या सकाळी मी पाठवलं: 'ठकी तुझी बहीण. आज लवकर येणार.' पडद्यावर लगेच 'पोचली'. उंबऱ्यावर क्षणभरही थांबली नाही.

मावशींनी संध्याकाळी सांगितलं, "आज हात पुढे केलाच नाही दादांनी. खाता खाता एकदम थांबले. घास तोंडात, डोळे मोठे. पाठीमागून कुणी ढकलावं, तसं झालं. मग म्हणाले, ठकी लवकर येणार."

दादाने मला ओळखलं. लवंगेचा चहा पुढे केला.

"दादा, मला लवंग नाही आवडत."

"हो?" तो म्हणाला. "असं का?"

दुसऱ्या दिवशी मी लवंगेचं पाठवलं. संध्याकाळी त्याने दार उघडलं आणि अत्यंत अदबीने विचारलं, "कोण हवंय आपल्याला? ठकीला भेटायचं असेल तर तिला लवंग चालत नाही, एवढंच मला सांगता येईल."

मी तिथेच, दाराच्या पायरीवर बसले. 'आधीची असेल तर तिच्यावर लिहू? हो.' मीच म्हटलं होतं. डबा उघडायची घाई होती मला.

मग मी सगळं एकाच फाइलमध्ये लिहायला लागले. पानंच्या पानं. आई, वडील, शाळा, नदीकाठ, मावशी, नळ, मी. जेवढं आठवलं तेवढं. दादा ते सगळं बोलायचा. पण कसं? माझ्या शब्दांत. मी 'बहुधा' लिहिलं तर तोही 'बहुधा' म्हणायचा. वडिलांच्या भांडणाबद्दल मी एक वाक्य लिहिलं होतं, ते त्याने विरामासकट म्हणून दाखवलं. मला जे माहीत नव्हतं ते त्याच्यात नव्हतंच. त्याचं पहिलं प्रेम, रात्रपाळीतली त्याची भीती, मला झोपवताना तो गुणगुणायचा ती चाल, जी मला धड आठवत नाही. माझंच वाक्य माझ्यासमोर बसून चहा पीत होतं आणि माझ्याकडे बघून हसत होतं.

पाठवणं थांबवून बघितलं. तो तिथेच राहिला, त्याच पानांवर. पुसलं गेलेलं परत आलं नाही, म्हणून मी पुन्हा रोज पाठवू लागले.

आता 'हो'चं 'नाही' करायचं तर साहेबांची सही लागत होती, कारणासकट. निदान पुढचं तरी वाचलं असतं. मी त्यांच्या दारापर्यंत गेले. काचेतून साहेब दिसले, फोनवर बोलताना त्यांनी मला हाताने आत बोलावलंसुद्धा. मी म्हटलं, "काही नाही सर, नंतर येते." एकदा नाही, कितीदा तरी. त्या वीतभर काचेचा मी समुद्र करून टाकला.

७

आढावा बैठकीत घाईकर मोठ्या पडद्यावर थेटचा हिशेब दाखवत होता. एकदम थांबला. हा माणूस थांबला की काहीतरी बिनसलंच.

"हे काय, नदीकाठ? रोज फाइल जातेय इकडे. कोण पाठवतंय?"

"उघडा," साहेब म्हणाले.

त्याने उघडली. टेबलाभोवतीच्या सगळ्यांसमोर, भिंतीएवढ्या अक्षरांत, पहिल्याच ओळी: 'मी ठकी. तुझी धाकटी बहीण. दार उघडशील तेव्हा मला ओळख.'

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच. वाईट हसले नाहीत, बैठकीत कंटाळलेली माणसं हसतात तसे हसले.

"ही ठकी कोण बुवा?" साहेब डोळे पुसत म्हणाले. "तुम्हाला माहितीये?" ते माझ्याकडे वळले, कारण काम माझं होतं.

"चाचणीसाठी कुणीतरी टाकलं असेल, सर."

"मग काढून टाका. आत्ताच काढा, पुन्हा राहून जाईल."

आमच्याकडे गोदाम बंद करताना एक रीत आहे. रस्ता तोडायच्या आधी एक रिकामी फाइल पाठवायची, म्हणजे पलीकडे जुनं काही राहत नाही. दादाच्या गोदामाला तशी पाठवली होती की नाही, मला माहीत नाही. टपालाच्या दिवसांत पाठवली असती तरी त्याने घेतली नसती. उंबऱ्यावर ठेवून वर मला फोन करून झापलं असतं.

घाईकरने कीबोर्ड माझ्यापुढे सरकवला. सगळे बघत होते. माझे हात थंड पडले होते, पण थरथरत नव्हते, हे मला अजून खुपतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला दोष देऊ? एक शब्द बोलायचा होता. भाऊ. मी रिकामी फाइल सोडली.

'पोचली.'

मग मी रस्ता तोडला. घाईकर पुढच्या मुद्द्यावर गेला.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. साहेबांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं बटण दाबलं. खालून वॉचमन बोलत होता.

"सर, एक गृहस्थ आलेत. म्हणतात, माझी बहीण आहे इथे, विचारा तिला. ठकी म्हणून कुणी आहे का वर?"

पुन्हा हशा. "अरे, आज ठकीचा दिवस आहे!" कुणीतरी म्हणालं. आणि सगळे हसत हसत माझ्याकडे बघायला लागले, कारण मी हसत नव्हते.

मी फोनकडे वाकले. आवाज माझाच होता, पण शब्द त्या जुन्या हिरव्या पडद्याचे होते.

"या नावाचं इथे कुणी नाही."

"बरं मॅडम," वॉचमन म्हणाला. त्याने फोन ठेवायच्या आधी पलीकडे कुणीतरी 'असं का?' म्हणाल्याचं मला ऐकू आलं. सावकाश, अदबीने.

माझा मोबाइल पर्समध्ये थरथरत होता. मावशी होत्या. "ताई, लवकर या. दादा खुर्चीतच बसलेत, डोळे उघडे आहेत, श्वास आहे. पण आत कुणी नाहीये हो ताई. हाक मारतेय, आत कुणीच नाहीये."

"खुर्चीत आहेत? घरी?"

"अहो मग कुठे असणार? सकाळपासून हलले नाहीत."

मी खुर्ची पाडून उठले.

८

लॉबीत कुणी नव्हतं. वॉचमन आरामात पेपर वाचत होता.

"गेले ते, मॅडम. भले गृहस्थ. म्हणाले, माफ करा, माझाच पत्ता चुकला."

"दिसायला कसे होते? कपडे?"

"कपड्यांकडे नाही बघितलं." तो जरा अवघडला. "पाय बघितले. एका पायात चप्पल होती."

मी काचेच्या दाराला नाक लावलं. दुपारची वर्दळ. माणसंच माणसं, त्यांच्या पायांत पाय. आणि कोपऱ्यावर, वळता वळता, एक बूट उचलला गेला आणि त्याच्यामागून एक चप्पल. तेवढंच दिसलं. मी "दादा!" म्हणून ओरडले. लॉबीभर घुमलं. जिन्यावर घाईकर आणि साहेब उभे होते, त्यांनीही ऐकलं. आता ऐकून काय उपयोग होता?

कोपऱ्यावर पोचले तर तिथे कुणी नव्हतं. अडगळीच्या खोलीत गेले. मशीन थंडगार होतं, लोखंड असतं तसं. मी त्याला कान लावून बसले. साहेबांनी मला तसं बसलेलं पाहिलं आणि दार हळूच लोटून घेतलं.

घरी दादा आहे. मावशी त्याला भरवतात, तो गिळतो. मी त्याच्या कानात सगळं सांगते, ठकी, आई, नदीकाठ. तो माझ्याकडे ज्या नजरेने बघतो, त्या नजरेने तो भिंतीकडेही बघतो. त्याचा हात मी टेबलावर उताणा ठेवते. मूठ मिटत नाही.

हल्ली मी दुपारची सुट्टी लॉबीतल्या बाकावर घालवते. तो कधीतरी पुन्हा विचारायला येईल. या वेळी मी तिथेच असेन. येणाऱ्या-जाणाऱ्यांना मी आपणहून सांगते, मला लाज वाटत नाही आता. आज वॉचमनलाही सांगितलं. म्हटलं, "ते त्या दिवशी आले होते ना, एका पायात चप्पल, एका पायात बूट? ते माझे सख्खे भाऊ. मी त्यांची ठकी."

वॉचमनने पेपर खाली केला. माझ्याकडे बघून तो फार सौम्यपणे हसला, साहेबांनी त्या दिवशी दादाबद्दल विचारलं होतं तेवढ्याच सौम्यपणे.

"हो मॅडम," तो म्हणाला. "काल पण सांगितलंत. परवा पण."

मी काल इथे बसल्याचं मला आठवत नाही.